शेवटच्या घराची पाळी

औरंगाबादच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा पिशवीत कपड्यांचे दोन जोड होते आणि डोक्यात एकच वाक्य: "मी हे बंद करतेय."

'हे' म्हणजे एक छोटा संगणक प्रोग्राम. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या आमच्या सोसायटीत टँकरच्या पाळ्या लावायला मी तो लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांना खुला ठेवला. कुणीही वापरा, बदला, दुरुस्ती मला पाठवा. दुष्काळ पडला आणि कुठकुठल्या अनोळखी माणसांच्या दुरुस्त्या येऊ लागल्या. तपासता तपासता जीव मेटाकुटीला आला, शेवटी उत्तरं देणंच सोडलं. सर्वांत जास्त दुरुस्त्या इथल्या रामेश्वरच्या, म्हणून त्याला तोंडावर सांगावं असं ठरवलं.

रामेश्वरचं हर्सूल म्हणताच रिक्षावाल्यानं माझी बाटली पाहिली. "भरके लो मॅडम. उधर पानी मुश्किल है."

हर्सूल तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. शेजारी नव्या इमारती मात्र जोमात उठत होत्या. रामेश्वरच्या गल्लीत निळे ड्रम ओळीनं उभे, प्रत्येकावर रंगानं नाव.

रामेश्वर शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला. त्याच्या आईनं गरम धपाटे (मिश्र पिठाच्या तिखट भाकऱ्या) वाढले. "लई लांबून आल्या बाई, खा." पाण्याचा पेला तिनं काठोकाठ भरला, तेव्हा मला लाजल्यासारखं झालं.

जेवताना मी ते वाक्य बोलून टाकलं.

रामेश्वर म्हणाला, "करा की. पर आमचं थांबणार नाय. तुमचं चार महिने उत्तर नाय, तवा आम्ही त्याची आमची येगळी प्रत चालू केली."

मी चिडले. "कुणी ठरवलं?"

"कुनीच नाय. टँकर अर्धा आला की शेवटची घरं कोरडी. मी लिहिलं, मागं जिथं संपलं तिथून पुढं द्यायचं. इथल्याच छावणी भागातल्या जोशीबाईंनी त्यात चुका काढल्या, जळगावच्या एकानं त्या निस्तरल्या. जोशीबाईंना मी अजून पाह्यलं बी नाय."

तेवढ्यात टँकर आला, अर्धाच. पहिल्या ड्रमपाशी न थांबता तो सरळ गल्लीच्या टोकाला गेला. पहिल्या घरांतल्या बायका रिकामे हंडे घेऊन आत गेल्या. टोकाच्या घरातली म्हातारी ड्रम भरताना म्हणाली, "आधी आमच्यापरेंत यायचंच नाय."

रामेश्वरनं त्यांची प्रत उघडून दाखवली. पहिल्या ओळीत अजून माझंच नाव होतं. माझं काम माझ्याशिवाय चाललं होतं, तेही माझ्यापेक्षा चांगलं. त्या न पाहिलेल्या माणसांचे पाय धरावेसे वाटले.

पुण्याला परतल्यावर दुरुस्त्या मंजूर करण्याचा अधिकार मी रामेश्वर आणि जोशीबाईंना देऊन टाकला. आठवडाभरानं राहवेना, म्हणून स्वतःच एक दुरुस्ती पाठवली. संध्याकाळी रामेश्वरचं उत्तर आलं: "बाई, यात शेवटचं घर सुटतंय. पुन्हा करा."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा करायला बसले.