सावंतांच्या सुलूची शाळा

परदेशात माणूस पैसे साठवायला जातो आणि किस्से साठवून येतो! आम्ही सत्तरच्या दशकात बहारीनला गेलो. तिथल्या गुदैबिया भागातल्या एका खोलीत तिघं राहायचो: मी स्टोअरकीपर, सावंत ड्रायव्हर आणि परब वेल्डर. कंपनी एकच. आजही भेटलो की एकेक किस्सा निघतो.

एकदा आमच्या इंग्रज मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. "आमच्या देशात मुलंबाळं असलेल्या कामगाराला टॅक्समध्ये सवलत मिळते. इथे टॅक्सच नाही! म्हणून कंपनी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे अलाउन्स देणार."

टाळ्या पडल्या. ब्रह्मचारी परबाने हात वर केला.

"सर, मॅरेज अलाउन्स पहिले द्या ना!"

*

सावंतांचं घर कणकवलीजवळ. त्यांची मुलगी सुलू सातवी झाली, तशी आजीने तिची शाळा बंद करायचं ठरवलं. सावंत रजेवर गेले तेव्हा म्हातारी म्हणाली, "पोरीक शिकवून काय कलेक्टर करूचा हा?"

सावंतांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "आये, शाळेत जाणाऱ्या पोरांचेच पैशे गावतत. शाळा बंद, की पैशे खलास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी स्वतः सुलूची वेणी घालत होती. "गो, बस सरळ! शाळेक उशीर जाता!"

*

तेव्हा घरून कॅसेट भरून यायच्या. एका कॅसेटमध्ये सुलू चक्क इंग्लिशमध्ये बोलली! सावंतांचा ऊर भरून आला, पण कळेना काहीच. त्यांनी आमच्या इंजिनिअर कुलकर्ण्यांना खोलीवर बोलावलं.

"काय म्हणतेय हो पोरगी?"

"म्हणतेय, बाबा, सिगरेट सोडा."

सावंतांनी हातातली सिगरेट विझवली. "इतकं इंग्लिश पुरे तिला!"

पण सोडली हो खरंच!

*

कुलकर्ण्यांनी त्याच अलाउन्सच्या भरवशावर बायको-मुलाला बहारीनला आणलं. पुढे पुण्याहून आजी आली. दिवा लावून नातवाला म्हणाली, "शुभं करोति म्हण बरं."

तिथली पोरं 'चला'ला अरबीत 'यल्ला' म्हणायची. नातू हात जोडून म्हणाला, "यल्ला आजी, यू स्टार्ट!"

*

सुलू डी.एड. झाली आणि शाळेत नोकरीला लागली. त्याच आठवड्यात सावंत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

"सर, आय गो होम."

"का? काही प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम सर. डॉटर टीचर. फादर ड्यूटी फिनिश!"

मॅनेजर उठला, हात मिळवला, बराच वेळ सोडलाच नाही.

जायच्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन आमच्या खोलीखाली हजर! सावंत सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेले. मॅनेजर म्हणाला, "नो, नो. आज तू ड्रायव्हर नाहीस. टीचरचा फादर आहेस. मागे बस."

मी पुढे बसलो होतो. मागे सावंत अख्खा रस्ता पायाने ब्रेक दाबत होते! एअरपोर्ट आलं. साहेबाने उतरून मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. वरून ऊन नुसतं भाजत होतं.

सावंत जागचे हलेनात.

"सावंत? एनी प्रॉब्लेम?"

सावंतांनी रुमालाने डोळे पुसले, शर्टाची कॉलर नीट केली आणि आरामात मागे टेकून बसले.

"वन मिनिट, सर. टीचरचा फादर हळूच उतरणार!"