चांगुणा कधी वर पाहत नसे

लालबागच्या नाक्यावर, सरकारी नळाशेजारच्या भिंतीला टेकून चांगुणा कोळीण मासळीची पाटी घेऊन बसे. गिऱ्हाइकाशी बोलताना ती कधी वर पाहत नसे. मी लग्न होऊन आचऱ्याहून नुकतीच आले होते, तेव्हा बोंबलांचा भाव विचारायला तिच्यापुढे उभी राहिले. ती माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "नवी नवरी हायस. जोडवी बोटाला रुतल्यात. आनि घाबरलीयस. टाचा उचलून उभी हायस." मी मुकाट्याने टाचा टेकल्या आणि तिने चार बोंबील जास्त घातले.

घाबरले होते हे खरेच. गावाकडे दिवसभरात दहा माणसे भेटली तरी दहाहीजण ओळखीचे. इथे नाक्यावर उभे राहिले की छाती दडपायची. सुताच्या गाठोड्यांचे खटारे, भिस्ती, नळावर हंड्यांवरून भांडणाऱ्या बाया, आणि भोंगा झाला की गिरणीच्या दारातून एकदम बाहेर पडणारी हजार माणसे. कोण कुठे चालले आहे याचा पत्ता लागत नसे. मी पदर घट्ट धरून भिंतीच्या कडेने चालायची. चांगुणा हसून म्हणायची, "गर्दीला तोंड नसतंय बाय, पाय असतात. पाय बग. तोंड लबाड, पाय नाय."

ती जमिनीवर बसलेली, तिला दुसरे दिसणार तरी काय? पण वीस वर्षांत तिने त्या पायांचा असा अभ्यास केला होता की शास्त्र्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. रंगखात्यातल्यांचे घोट्यापर्यंत निळे पाय, भिस्त्यांचे सदा ओले, चपराश्यांच्या बुटांची करकर. आम्हा सुनांना तर ती देवासारखी होती. आम्ही नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही. घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते, असे आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो. मग नाक्यावर विचारायचे कसे, की अमका इथून गेला का? चांगुणाला नाव लागतच नसे. "डावा अंगठा ठेचलेला, टाच घासत चालतो, तोच ना तुजा? मगाशीच जेला. भूक लागलीय त्याला, पाय भराभर पडत व्हते."

मग गाठीच्या तापाचे वर्ष आले. आधी उंदीर मरून पडले, मग माणसे. नाक्यावरची गर्दी तीच, पण तिची चाल बदलली. लोक डोक्यावर गाठोडी घेऊन माझगावच्या धक्क्याकडे, गावच्या बोटींकडे धावत होते. मधूनच तापकऱ्याला उचलून नेणारी, पडदा सोडलेली सरकारी डोली यायची. डोली दिसली की तो सगळा रस्ता दोन्हीकडे फाटायचा. माणसे तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहायची. आत कोण आहे, कुठे नेतात, कुणी विचारत नसे. विचारले की तुमचेही घर तपासायला येतील, ही भीती. चांगुणा म्हणायची, "हल्ली पाय वळखू येत नाय गो. सगलेच पळतात."

एका संध्याकाळी भोंगा झाला, गिरणी सुटली, रस्ता भरला आणि रिता झाला, तरी आमचे हे आले नाहीत. मी नाक्यावर धावले. चांगुणा पाटी धूत होती.

"नाय जेला इथून," ती ठामपणे म्हणाली. "सकाळी आत जाताना बगितला. परत आयला नाय. माजी नजर चुकायची नाय."

तिचा शब्द म्हणजे आमच्या चाळीत काळ्या दगडावरची रेघ. माझे दीर भिकूभावोजी विचार करून म्हणाले, "वयनी, मगे तो पाठच्या दारान भायर पडलो असतलो. धक्क्यार गावचे सगळे जमलेत. गावाक पळालो तो."

मला टाकून? मी रात्रभर भिंतीला पाठ लावून बसले. ताप बरा, पण हे नको, असेही मनात येऊन गेले. आजही त्या विचाराची मला लाज वाटते. भावोजी दोन दिवस माझगावच्या धक्क्यावर बोटीबोटीत डोकावत फिरले. चाळीतल्या बाया हळहळत होत्या, पण दारातूनच.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चांगुणा आमच्या दारात उभी. पाटी भरलेली, तशीच टाकून आलेली. तिचा घाम गळत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाय, मी चुकले गो. त्या दिसा दुपारी गिरणीच्या दारातून डोली निगाली व्हती. मी डोलीवाल्यांचे पाय बगितले. आतल्याचे पाय जमिनीला कुठं लागतात?"

तिने मला दंडाला धरून बाहेर काढले आणि परळच्या बाजूला तात्पुरते उभारलेले एक इस्पितळ होते तिथे ओढत नेले. फाटकाबाहेर ही गर्दी. रडणारे, नवस बोलणारे, हातात भाताची भांडी घेतलेले. कुणी कुणाला शिवत नव्हते, तरी सगळे एकमेकांवर रेटले जात होते. फाटकावरच्या कारकुनाने विचारले, "पेशंटचं नाव?"

"आमचे हे," मी म्हणाले. "डावा अंगठा ठेचलेला आहे..."

"बाई, इथं सगळे आडवेच आहेत. पाय कुणाकुणाचे बघू? नाव सांगा, नाहीतर बाजूला व्हा."

ते आत मरणाच्या दारात असतील, आणि मीच नाव घेऊन उरलेसुरले आयुष्य तोडू? मागून लोक ढकलत होते. चांगुणाने माझा खांदा गदागदा हलवला.

"घे गो नाव! नाव घेतला म्हनून कोन मरत नाय. नाव नाय घेतला तर मरतंय मानूस!"

"महादेव," मी म्हणाले. मग डोळे मिटून ओरडले, "महादेव राघू! गाव आचरे!"

ते जिवंत होते. काखेतली गाठ फुटली होती. सव्वा महिन्याने घरी आले, काठी टेकत. माझी जीभ मात्र बाटली ती बाटलीच. पुढे चिडले की मी खुशाल नाव घ्यायची.

चांगुणा त्यानंतर बसून मासळी विकेनाशी झाली. नळाच्या ओट्यावर चढून उभी राहायची. डोली आली, लोक भिंतीकडे वळले, की ही एकटी रस्त्याच्या मध्ये. डोलीवाले शिव्या द्यायचे, ही पडद्याला तोंड लावून बाजूने धावायची. "कोन हाय आत? नाव सांग! गाव सांग!" उत्तर मिळाले की चाळीचाळीतून हाक घालून घरच्यांना हुडकायची. मासळी उन्हात वास मारू लागायची. मी एकदा म्हटले, "चांगुणाबाई, तुम्हाला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. पन चुकी माजी व्हती."

पुढच्या थंडीत ताप फिरून आला. एका सकाळी मी नळावर हंडा लावला होता. ओटा रिकामा. तेवढ्यात रस्ता फाटला, डोली आली. मी सवयीने भिंतीकडे वळले. आणि पडद्याआडून, बोंबील विकायच्या त्याच खणखणीत सुरात हाक आली, "चांगुणा! वरळीची चांगुणा, नाखवा धाकूची लेक! घरी सांगा गो, घरी सांगा!"

हाक सगळ्या नाक्याने ऐकली. पुढे परळच्या वळणापर्यंत ती ऐकू येत होती, बारीक होत गेलेली.

मी हंडा तिथेच टाकला. नाक्यापलीकडे एकटी कधी गेले नव्हते. वाट विचारत, चुकत, धापा टाकत वरळीच्या कोळीवाड्यात पोचले. एक म्हातारा जाळे विणत बसला होता. तोच तिचा बाप. मी सांगितले. त्याने जाळे खाली ठेवले.

"तुला कोनी सांगला, बाय?"

"तिनंच," मी म्हणाले.