डोहात पिल्लू शिंपला नव्हता

रामाकोन्याजवळच्या एका डोहाचं प्रकरण माझ्या मनातून जात नाही. तेव्हा मी मध्य प्रदेशातल्या सौंसर पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी गावकऱ्यांचा घोळका एका मासेमाराला दंडाला धरून ठाण्यात घेऊन आला. पुढे होता एक संत्र्याचा बागायतदार.

"साहेब, यानं डोहात जहर टाकलं. शिंपले संपून राहिले. याले गावातून काढा."

मासेमाराने हात जोडले. "माह्यं पोट त्याच डोहावर हाय साहेब. मी काऊन जहर टाकू?"

जहर टाकून मासे धरणारे मी पाहिले होते, त्यामुळे संशय अगदीच खोटा म्हणवत नव्हता. वरून फोनही आला, अटक दाखवून मोकळे व्हा. मी त्याला बाकावर बसवलं, चहा पाजला आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. खोटं बोलणारा दर वेळी अधिक सफाईने बोलतो. हा दर वेळी अधिक चिडत होता. मी अटक केली नाही.

पंचांना घेऊन डोहावर गेलो आणि वाळू उकरायला लावली. शिंपले निघाले, जिवंत निघाले, पण सगळे तळहाताएवढे. माझं बालपण पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी गेलं. तिथे वाळूत बोटं खुपसली की नखाएवढे शिंपले हाताला लागायचे. इथे पिल्लू एकही नव्हतं. जहर काय वय विचारून मारतं?

पाण्याचे आणि शिंपल्यांचे नमुने सीलबंद करून पाठवले. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "काही रसायनं थोडी थोडी येत राहिली, तर मोठा शिंपला तग धरतो. पण त्याची अंडी नीट तयार होत नाहीत, झालेली पिल्लं जगत नाहीत."

म्हणजे कुणीतरी सतत काहीतरी ओतत होतं. बयान घ्यायला मी बागायतदाराच्या बागेत गेलो, तर फवारणीच्या पाण्यासाठी निळ्या ड्रमांची रांग लावलेली. कारखान्यातून निघालेले जुने ड्रम, आमच्याकडे सगळेच घेतात.

"आत काय होतं यांच्यात?"

"काय मालूम साहेब! पण भंगारवाल्याले सांगूनच ठेवलं हाय, पहिले धुऊन आण. वास आला तं वापस करतो."

"तो धुतो कुठे?"

"डोहावर..." म्हणाला आणि तिथेच थांबला. त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

भंगारवाल्याने अर्ध्या तासात सगळं कबूल केलं. "गिऱ्हाईकच म्हणते धू, तं मी धुऊन राहिलो साहेब." ड्रममधला उरलेला माल तो डोहात सांडायचा. प्रयोगशाळेच्या अहवालात ड्रममधलीच रसायनं आली. गुन्हा दाखल झाला, ड्रम जप्त झाले.

त्याच संध्याकाळी बागायतदार सगळ्यांसमोर मासेमाराच्या दारात गेला. "चुकलं माह्यं, भाऊ," एवढंच बोलला. मासेमाराने त्याला खाटेवर बसायला सांगितलं आणि बायकोला चहा ठेवायला लावला.

या प्रकरणाने मला शिकवलं की गर्दीला गुन्हेगार लवकर सापडतो, कारण तो तिने घरूनच ठरवून आणलेला असतो. चोर, दरोडेखोर मी खूप पकडले, शाबासक्याही मिळाल्या. पण नोकरीतली सर्वांत मोठी कमाई कोणती, असं कुणी विचारलं, तर मी छाती फुगवून सांगतो, त्या सकाळी मी न केलेली अटक.