गंधकआत्याचे हात

गंधकआत्याला कुणी सरळ नमस्कार करूच शकत नसे. वाकायच्या आधीच ती मनगट धरायची, बोटं फाकवायची आणि बेचक्यांत बघायची. ते इंग्रजांच्या राज्याचे दिवस, दवाखाना लांब. आमच्या सौंदड गावात कुणाला खरूज झाली की तिलाच बोलावत. करंजाच्या तेलात गंधक खलून लावायची, म्हणून गंधकआत्या. खरं नाव मलाही ठाऊक नाही.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी मला खरूज झाली. अंथरुणात ऊब आली की अंग पेटायचं. सुनेनं माहेराहून आणली, असं सासूबाईंनी ठरवूनच टाकलं. माझं अंथरूण ढोरांच्या कोठ्यात गेलं आणि धानाची रोवणी आटोपली की मला माहेरी धाडायचं ठरलं. परत आणतील याची खात्री नव्हती.

आत्या आली ती तीन घरं करून, थकलेलीच. माझा हात पाहिला आणि न विचारता सासूबाईंचाही धरला. त्यांच्या बोटांतही त्याच बारीक रेघा होत्या. पदराआड त्या कधीच्या खाजवत होत्या.

"सून नाही वहिनी, घर खाजवून राहिलं," आत्या म्हणाली. "किडा चामडीत बीळ करते. एकीले लावून का फायदा? साऱ्याईले लावा."

मग नेहमीचं सगळं तिनं कंटाळल्या आवाजात सांगितलं. मानेपासून तळपायापर्यंत तीन दिवस लावायचं, कपडे उकळायचे, वाकळा उन्हात टाकायच्या. खाज पुढेही काही दिवस राहील, घाबरायचं नाही. सासूबाईंनी तसंच केलं. माझं माहेरी जाणं टळलं.

आत्याचे स्वतःचे हात मात्र गंधकानं सोलून निघाले होते. लाल, भेगाळलेले. यात किडा नाही, औषधच खाऊन राहिलं, असं ती सांगायची. पुढे सांगायचंही तिनं सोडलं. लोक तिला गरजेला बोलवायचे आणि अंगणातच उभं करायचे.

दोन वर्षांनी भर उन्हात ती पाणी मागायला आली. माझी तान्ही मुलगी कडेवर होती. आत्यानं हात पुढे केला. मला सगळं माहीत होतं. तरी मी तांब्या तिच्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला.

तिनं तो उचलला, वरूनच पाणी प्यायली.

"बरं केलं बाई," ती म्हणाली. "लेकरू लहान आहे."

त्याच पावसाळ्यात ती गेल्याचं कळलं. ती रागावली असती तर मला सोसलं असतं. त्या तांब्याची लाज मला अजून वाटते.