पाचशे मैल, तिसाच्या आत

मला गाडी चालवायची होती. पाटल्या नकोत, महाबळेश्वर नको, गाडी चालवायची होती. हे बोलून दाखवलं की आमचे हे हसायचे. हे म्हणजे माझे यजमान, पनवेलातले डॉक्टर. पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मोटार चालवणारी बाई एकही नाही.

एकदा मी फारच मागे लागले म्हणून यांनी मला तळ्याकाठच्या मैदानात नेऊन चाकावर बसवलं. पहिल्या पाच मिनिटांत हे तीनदा ओरडले. पुढच्या पाच मिनिटांत म्हणाले, "अगं, बैलगाडी बरी! तुला या जन्मी तिसाच्या वर काटा नेता यायचा नाही." मी गाडी थांबवली, उतरले, पदर खोचला आणि घरी चालत आले. माझं डोकं मुळातच गरम. दोन दिवस मी यांच्याशी फक्त जेवणापुरतं बोलले.

गाडी म्हणाल तर काळी, विलायती आणि म्हातारी. यांनी घेतली तीच तिसऱ्या हातची. मैलांचा मीटर एकदा पुरता फिरून शून्यावर आला होता आणि दुसरी फेरीही निम्म्याच्या पुढं गेली होती. उरणपासून खोपोलीपर्यंत जिथे ताप, विंचू, अडलेली बाई, तिथे ती जायची. त्या वर्षी तिनं मागून निळा धूर सोडायला सुरुवात केली. पेट्रोलच्या बरोबरीनं तेल पिऊ लागली. चढावर तर अशी धापा टाकायची की पेशंट बरा, पण डॉक्टरांची गाडी दगावणार असं वाटावं.

आमचे मिस्त्री मोहल्ल्यातले. लढाईत लष्कराच्या कारखान्यात इंजिनं बांधून आलेले, हात सोन्याचा. त्यांनी बॉनेट उघडून कान दिला आणि मान हलवली. "डॉक्टरसाब, इंजिन उतरवावं लागेल. सिलिंडर घासून मोठे करायचे, पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी. वरवरचं काम मी करणार नाही."

"पण तीन वर्षांपूर्वीच तर केलं!" हे म्हणाले.

मिस्त्रींनी फक्त माझ्याकडे बघितलं, कारण तीन वर्षांपूर्वी काय झालं ते पनवेलात सगळ्यांना ठाऊक होतं. असं नवं बांधलेलं इंजिन पहिले पाचशे मैल अगदी हळू चालवायचं असतं. नवे भाग घट्ट बसलेले असतात, ते एकमेकांशी जुळायचे असतात. घाई केली की तापतात आणि जागच्या जागी धरतात, म्हणजे घट्ट अडकून बसतात. मिस्त्रींनी हे दहादा बजावलं होतं. आणि आमच्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी उरणच्या रस्त्यावर एका लॉरीनं साईड दिली नाही म्हणून तिच्याशी शर्यत लावली! साईड मिळाली. पुढे दोन मैलांवर इंजिन धरलं. मिठागरातल्या माणसांनी गाडी ढकलत आणली आणि तीनशे रुपयांचं काम मातीत गेलं. त्यातूनच कसंबसं ठाकठीक करून गाडी तीन वर्षं रडत चालली होती.

आता मिस्त्रींनी सातशे रुपये सांगितले. हे ऐकून माझ्या तोंडचं पाणीच पळालं. यांचे पेशंट पैसे देत, नाही असं नाही, पण निम्मे जण तांदूळ देत, वाल देत, जिताडा मासा देत. जिताड्याचे पिस्टन येत नाहीत. यांच्याजवळ रोख निघाले तीनशे. उरलेले चारशे माझ्याकडे होते. मुलींचा शिवणाचा वर्ग घेऊन चार वर्षं साठवलेले, रेडिओसाठी. रेडिओ कुठे ठेवायचा ती फळीसुद्धा मी सुताराकडून करून घेतली होती, आणि तिच्यावर घालायचा रुमाल भरून तयार होता.

दोन दिवस मी त्या फळीकडे बघत राहिले. मग विचार केला, गाडी बंद म्हणजे दवाखाना पनवेलच्या वेशीत बंद. खेड्यांतली माणसं कुठे जाणार? मी पैशांचा डबा आणून यांच्यापुढे आपटला. हो, आपटलाच. चांगलं काम गोड चेहऱ्यानं करावं हे मला कधी जमलं नाही.

त्या दिवशी मिस्त्री आमच्या ओट्यावर बसले होते. डब्याला हात लावण्याआधी म्हणाले, "एक शर्त आहे. पाचशे मैल. तिसाच्या वर काटा नाही. आणि डॉक्टरसाब, राग मानू नका, ते पाचशे मैल तुम्ही चालवायची नाही."

"मी चालवायची नाही? माझी गाडी?"

"तुमच्या पायाला अल्लानं ब्रेक दिलेला नाही. इंजिन मी एकदा बांधलं, आता दुसऱ्यांदा बांधतोय, तिसऱ्यांदा बांधणार नाही."

"मग चालवणार कोण? ड्रायव्हर ठेवू? त्याला पगार कुठून देऊ?"

मी आतून चहा घेऊन येत होते. कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मी चालवीन. मला या जन्मी तिसाच्या वर काटा नेता यायचा नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

मिस्त्रींना इतकं हसू आलं की त्यांचा चहा बशीत सांडला. हे मात्र हसले नाहीत. पैसे माझे होते, त्यामुळे त्यांना फारसं बोलायला जागा नव्हती. "पाचशे मैल," शेवटी म्हणाले. "पाचशे मैल झाले की किल्ली माझी." मी कबूल केलं. त्या वेळी पाचशे मैल म्हणजे मला जन्मभराचा ऐवज वाटला.

काम तीन आठवडे चाललं. मिस्त्रींच्या अंगणात चिंचेच्या जाड फांदीला साखळी लावून इंजिन वर उचललेलं, खाली गोणपाटावर त्याची आतडी मांडलेली. मी रोज बघायला जायची. हा पिस्टन म्हणजे माझ्या रेडिओचं बटण, ही बेअरिंगं म्हणजे सकाळची भजनं, असं मोजायची. हे तेवढे दिवस टांग्यानं फिरले, आणि टांगेवाल्यालाही भरधाव जायला सांगत होते असं कानावर आलं.

इंजिन चढलं. मिस्त्रींनी मीटरचा आकडा खडूनं गाडीत पुढे लिहून ठेवला आणि म्हणाले, पहिले शंभर मैल मी शेजारी बसतो. आता परक्या पुरुषाच्या शेजारी बसून मी गावातून गाडी हाकणार म्हणजे जिभांना काम मिळणार, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून ते आपल्या बायकोला घेऊन आले. ती मागच्या सीटवर ऐसपैस बसली, मांडीवर डबा घेऊन. "बारा वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "ह्यांनी बांधलेली इंजिनं गावभर फिरतात. मला आज पहिल्यांदा एकात बसवलं! चालवा डाक्टरीणबाई, कितीही हळू चालवा, मला काही घाई नाही."

उरणचा रस्ता सपाट, दोन्ही अंगांना मिठागरं. काटा पंचविसावर आणि माझे हात चाकावर असे घट्ट की बोटं पांढरी पडली होती. मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका कामं टाकून बांधावर आल्या. त्यांना बघून मी काटा पाचावर आणला, तर एकजण गाडीबरोबर चालायलाच लागली. "बाय, गारी आजारी हाय काय?" तिनं विचारलं.

"आजारी होती," मी म्हटलं. "आता बरी आहे, जपायला सांगितलंय."

"मंग जप गो," ती म्हणाली आणि मागे राहिली. मागच्या सीटवरून मला पुरणाची पोळी आणि शाबासकी दोन्ही मिळाली. काय सांगू, त्या दिवशी मी घरी आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते!

शंभर मैल झाले आणि लायसनची परीक्षा द्यायची वेळ आली. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "बाई, जरा जोरात चालवून दाखवा." मी म्हटलं, "मिस्त्रींनी नाही सांगितलंय." साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पास केलं.

त्यानंतर शेजारच्या सीटवर आमचे हे आले. अहो, काय ते हाल! पेशंटकडे जायचं, मी चालवणार, आणि हे डावीकडे बसून पायानं गाडीची फळी दाबत राहणार, जसा काही तिथे ॲक्सिलरेटर आहे. सायकलवाला दिसला की उसासा. बैलगाडी दिसली की, "आता हीसुद्धा जाईल बघ पुढं." एकदा म्हणाले, "आपण पोचेपर्यंत ताप आपोआप उतरेल." मी म्हटलं, "मग तर बरंच. औषध वाचेल." पण आतून मला भीती असायची ती मीटरची. दोनशे झाले, तीनशे झाले. एरवी मैल वाचवायला लोक आडवाटा शोधतात. मी भाजी आणायलाही चालत जाऊ लागले, गाडीचे मैल उगाच खर्ची पडू नयेत म्हणून.

चारशेच्या जवळ आलो होतो तेव्हा एका दुपारी आपट्याहून एकजण सायकल मारीत आला, घामानं निथळत. बायको पहाटेपासून अडली होती. सुईण हात टेकून बसली होती. हे बॅग घेऊन धावत गाडीकडे आले आणि चाकावर बसलेल्या मला म्हणाले, "सरक."

मी सरकले नाही. चुकले तर एका बाईच्या जिवाशी गाठ होती. पण मी म्हटलं, "तुम्ही दामटलीत आणि कर्नाळ्याच्या खिंडीत इंजिन धरलं, तर पुढचे मैल पळत जाणार आहात का?"

यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना लॉरी आठवली असणार. डावीकडे जाऊन बसले आणि घड्याळ हातात धरलं. मी काटा तिसावर आणला आणि तिथून हलू दिला नाही, वरही नाही आणि खालीही नाही. खिंडीत जुनी गाडी दर वेळी थांबायची, वाफ सोडायची, मग ओढ्याचं पाणी आणून तिला पाजायचं. या खेपेला ती न थांबता चढून गेली. त्यात माझ्यापेक्षा मिस्त्रींच्या हाताचं श्रेय जास्त, हे कबूल. अर्ध्या तासात आपट्याच्या नदीकाठी गाडी उभी केली तेव्हा यांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, कानाला लावलं. "पाऊण तास धरून चाललो होतो मी," म्हणाले आणि बॅग घेऊन धावले.

मी बाहेर नदीकडे तोंड करून बसले. तासाभरानं आतून पोराचं रडणं ऐकू आलं आणि माझ्या जिवात जीव आला. मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप. सायकल टाकून येववेना म्हणून आमच्या मागून निघालेला तिचा नवरा सायकल लोटीत तेव्हाच येऊन पोचला, आणि बातमी ऐकून सायकल तिथेच टाकून आत पळाला.

परतताना मी यांना काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. बघते तर मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. झोपले होते! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस दिवसाउजेडी झोपलेला मी कधी पाहिला नव्हता. रात्री-अपरात्री माणसं दारात, पहाटे दवाखाना, दुपारी खेडी, आणि प्रत्येक मैल स्वतःच्याच हातानं ओढलेला. डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं होती. मी रोज समोर जेवायला वाढत होते आणि मला ती दिसली नव्हती. मला एकदम रडूच आलं. मी काटा विसावर आणला, खड्डे चुकवीत चुकवीत, आणि घरापुढे आल्यावरही थोडा वेळ गाडी तशीच उभी ठेवली.

त्या दिवसापासून यांना सवयच लागली. गाव सुटलं की डुलकी. विचारलं की म्हणायचे, "झोपलो कुठे? डोळे मिटून केसचा विचार करत होतो." केस घोरत असावी.

आणि व्हायचं तेच झालं, पाचशे मैल भरले. मिस्त्रींनी जुनं तेल काढलं, बोटांवर चोळून बघितलं, लोखंडाचा एक कण नाही. "मख्खन झालंय इंजिन," म्हणाले. खडूचा आकडा फडक्यानं पुसला आणि किल्ली ठरल्याप्रमाणे यांच्या हातात दिली. यांनी ती खिशात टाकली. सरळ खिशात. मी घरात गेले आणि भांडी अशी घासली की शेजारीण विचारायला आली. रेडिओ गेला, पाचशे मैल गेले, कबूल मीच केलं होतं, आणि राग यांच्यावर काढत होते. काढणार नाही तर कुणावर काढू?

दुसऱ्या दिवशी दुपारी पेणच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याच्या छातीसाठी बोलावणं आलं. हे बॅग घेऊन बाहेर पडले. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून उठले नाही. गाडीचं दार वाजलेलं ऐकलं. मग इंजिनाचा आवाज येईल म्हणून थांबले. आलाच नाही. पाच मिनिटं झाली. पुन्हा बिघडली की काय या धसक्यानं हात पुसत बाहेर धावले.

किल्ली गाडीला लावलेली होती. हे डावीकडच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसले होते, मान आधीच खिडकीला टेकलेली.

"किती वेळ लावतेस?" म्हणाले. "म्हातारा वाट बघतोय. आणि आता तिसाच्या वर नेलीस तरी चालेल."

मी बत्तिसावर नेली. गावाबाहेरचं पळस्पे यायच्या आत हे घोरू लागले होते.