डांबराखालचं लोखंड

अंगण झाडायचा मला भारी कंटाळा, आणि नशिबाला आलं ते अंगण असं, की त्यात एक पिकअप गाडी उभी. आमच्या यांची, माझ्या नवऱ्याची. तिच्याभोवती झाडायचं, तिच्याखाली वाकून झाडायचं, आणि रोज सकाळी तिच्याखाली तांबडे पापुद्रे पडलेले असायचे. बरेच दिवस मी ते केराबरोबर लोटून दिले. झाडाची साल असेल, चाकाची माती असेल. मग एका सकाळी तळहाताएवढा एक तुकडा निघाला. जाड, थराथरांचा. बोटांनी दाबला तर त्याची भुकटी झाली. झाडाची साल अशी नसते. मी झाडू टाकला, घरातून खलबत्त्याचा बत्ता आणला, पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले.

खालून सगळं काळंभोर, चकचकीत. का नसणार? लोक पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, तसं हे दर दसऱ्याला गाडीचं पोट रंगवायचे. स्वतः आडवे होऊन, अंगावर थेंब पडू देऊन, डांबराचा थर द्यायचे. मग झेंडू, लिंबू, नारळ. गावातले लोक वाकून बघायचे आणि म्हणायचे, गाडी ठेवावी तर भाऊनं. पूर्वी हे दुसऱ्यांच्या ट्रकवर हमाली करायचे तेव्हा यांना कुणी 'भाऊ' म्हणत नव्हतं. गाडी आली आणि मान आला. त्या मानाला डांबर लागायचं.

गाडीला खालून दोन लांब लोखंडी दांडे असतात. चेसिस. इंजिन, केबिन, मागचा डाला, डाल्यात बसलेली माणसं, सगळ्यांचा भार त्यांच्यावर. मी पुढच्या बाजूला बत्ता मारला, ठणठणीत आवाज आला. सरकत सरकत मागच्या चाकाच्या वर मारला तर नुसता भद्द. पुन्हा जोरात मारला आणि बत्त्याचं तोंड आत गेलं. डांबराचं कातडं फाटलं आणि आतली लाल भुकटी माझ्या तोंडावर सांडली. डोळ्यांत गेली, दातांत गेली. डांबर होतं, लोखंड नव्हतं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

तोंड न धुताच मी ओसरीवर गेले. हे चहा पीत होते.

"अवो, गाडीच्या चेसिसले भोक पडलं."

"कुठी?"

"मांगं, चाकाच्या वर. बत्ता आत गेला."

यांनी बशी खालीसुद्धा ठेवली नाही. "बत्ता घेऊन खाली शिराले कोनं सांगतलं होतं तुले? डांबर खराब केलं असशीन."

डांबर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "डांबराले काय चाटाचं हाय? चार दिवसांनी त्या गाडीत बाया बसनार हायेत माह्या!"

माह्या म्हणजे माझ्याच. आमच्याकडे धान निघालं की बाया गोदावरीच्या पलीकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात. तांदूळ, भांडी, चादरी, अंगावरची लेकरं, सगळं घेऊन. शेतातच झोपड्या, बोटांची रात्रंदिवस आग, आणि परतताना मजुरीत मिरचीची पोती. आमच्या गावच्या बाया मी गोळा करायची आणि गाडी यांची. 'वहिनीची गाडी हाय' म्हणून त्यांच्या सासवा त्यांना बिनघोर पाठवायच्या. त्यात माझी नणंद. यांची सख्खी धाकटी बहीण, नवऱ्यानं टाकलेली, आमच्याच घरी राहणारी. एवढ्या सगळ्यांना त्या भोकावर बसवून मी सिरोंच्यापर्यंत खड्डे खात न्यायचं होतं आणि नदीच्या पुलावरून पलीकडे.

यांना वेल्डिंगवाल्या चाचाकडे मीच ओढत नेलं. चाचानं गाडी जॅकवर घेतली, स्क्रूड्रायव्हरनं डांबर खरवडलं आणि खरवडतच राहिला. ही गाडी आधी मासळीच्या धंद्यात होती. गोदावरीची मासळी बर्फात आणि मिठात घालून चंद्रपूरकडे जायची आणि ते खारं पाणी झिरपून दांड्यांच्या पोकळीत साचायचं. आम्ही घेतली तेव्हाच आत गंज धरला होता. त्यावर आम्ही डांबर मारून ओल आतच कोंडली. गाडी मायेनं मारली म्हणायची, दुसरं काय!

"पट्टी मार ना चाचा," हे म्हणाले.

"किस पे मारू भाऊ? लोहा रहेंगा तो वेल्डिंग पकडेंगा ना. ये तो बिस्कुट हो गया." चाचानं हात पुसले. "माल भी मत भरो इसमें. आदमी तो भूल जाव."

दुसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन गेले ते संध्याकाळी आले. कुठल्या तरी गावात कुणी तरी पट्टी मारून दिली होती. कुजलेल्या लोखंडावर नवी पट्टी आणि तिच्यावर ताजं डांबर. वास अंगणभर. "झालं. आता तोंड बंद ठेव," म्हणाले.

मी तोंड बंद ठेवणारी बाई असते तर माझ्या आईनं नवस फेडले असते. दोन दिवस घरात आकांत झाला. नणंद मधे पडून म्हणायची, "वहिनी, जाऊ दे ना, भाऊले कळत नाई का?" मला वाटायचं, खरंच कळत नाही. माणूस आपल्या लेकराची खोड बघत नाही, तसे हे त्या गाडीकडे बघत नाहीत.

निघायच्या सकाळी बाया आल्या. गाठोडी, पातेली, पाण्याचे कॅन. कुणी डाल्यात चढून लेकराला वर घेत होती. हे नारळ फोडायला दगड शोधत होते. मी म्हटलं, "खाली उतरा साऱ्या."

"मुहूर्त पाहून राह्यली का वहिनी?" एक हसली.

"उतरा म्हनते ना!"

उतरल्या. मी गोठ्यातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, वाकले आणि नव्या पट्टीच्या बगलेला घातली. एका धक्क्यात आत गेली. मग सब्बलीवर सगळा भार टाकून उचकटलं. पट्टी निघाली, तिच्याबरोबर सडलेला तुकडा निघाला, आणि वरचा दांडा कडकन मोडून डाला एका अंगाला बसला. आत ठेवलेली पातेली घरंगळत फाळक्यावर आदळली. मी अजून वाकलेलीच होते.

"पाहा आता," मी म्हटलं. "याच्यावर बसनार होत्या तुमी."

मला वाटलं, एखादी तरी म्हणेल की बाई, जीव वाचवला. कशाचं काय! सगळ्यात म्हातारी होती ती माझ्यावरच डाफरली, "नवऱ्यासंगचं भांडन घरात भांडाव ना वो. आमची मिरची काऊन बुडवून राह्यली?"

"जित्ती राह्यशीन तं तोडशीन ना मिरची, म्हातारे!"

"जित्ती राह्याले खा लागते," ती म्हणाली आणि गाठोड्यावर बसली.

हे नारळ हातात घेऊन उभे होते. ओरडले नाहीत, अंगावर आले नाहीत. नारळ तसाच घरात ठेवून आले.

दुपारी नदीपलीकडच्या मुकादमानं दुसरी गाडी पाठवली आणि बाया तिच्यात बसून गेल्या. नणंदही गेली. त्या गाडीखाली मी शिरले नाही. ती माझी नव्हती, आणि शिरून आणखी काय मोडणार होते? मला कुणी चल म्हटलं नाही.

गाडी विकायला नेणंही शक्य नव्हतं, म्हणून कबाडीवालाच गॅसकटर घेऊन अंगणात आला. यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. गाडीचं काढून ठेवलेलं सीट मोहाच्या झाडाखाली होतं, त्यावर बसून कापताना बघत होते. मला त्यांची फार कीव आली. खरंच आली. मी चहा नेला आणि शेजारी बसले.

"जाऊ द्या," म्हटलं. "तुमाले तरी काय मालूम होतं."

"मालूम होतं," हे म्हणाले.

"काय?"

"मांगच्या सालीच दिसलं. दसऱ्याले. बोट आत गेलं माह्यं." चहाचा कप त्यांनी धरला, प्यायले नाहीत. "म्हनून तं तुले मांगं बसू नाई देल्लं."

मला आधी उमगलंच नाही. मग गेल्या वर्षीची ती सकाळ आठवली. मी बायांबरोबर डाल्यात चढत होते आणि यांनी सगळ्यांसमोर माझा हात धरून मला केबिनमधे नेलं होतं. "समोर बस. मांगं धूर लागते." लग्नानंतर इतक्या वर्षांनी! मी नव्या नवरीसारखी लाजून बसले होते. मिरचीच्या शेतात महिनाभर मी ते मिरवलं. बाया चिडवायच्या, मला ते गोड लागायचं. सगळ्यात जास्त नणंद चिडवायची, "वहिनीची मज्या हाय बाप्पा!" आणि ती स्वतः येताजाता दोन्ही वेळा मागच्या चाकाच्या वर, तांदळाच्या पोत्यावर बसली होती.

"आन् तुमची बहीन?" मी विचारलं.

गॅसची ज्योत फरफरत होती.

"केबिनमधी एकाचीच जागा होती," म्हणाले.

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. नवरा माझ्यावर जीव टाकतो हे मला पहिल्यांदा खात्रीनं कळलं, आणि त्या क्षणी मला त्याच्या शेजारी बसवेना. उठून आत गेले.

मिरची संपल्यावर नणंद परत आली. बोटं सोललेली, चेहरा रापलेला. तिनं वाटणीची अर्धी मिरची भावापुढे ठेवली. म्हणाली, "भाऊ, त्या गाडीत हाडं खिळखिळी झाली रे. तुह्या गाडीत कसं, जिवाले घोर नसे." यांनी मिरची उचलून आत नेली. मी एवढी तोंडाळ बाई, पण तिला अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या मिरचीचं तिखट कुटून डबा भरला. रोज भाजीत घालते. आम्ही तिघं एका ओळीत बसून जेवतो.