डोळे आखताना

ओल्या रंगाचा वास आला की मला जोहे गावातला आमचा गणपतींचा कारखाना आठवतो, आणि लॉच्या प्रवेशपरीक्षेच्या आदल्या दिवसाची दुपार. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. पत्र्याखाली उकाडा, अंगभर प्लास्टरची पांढरी धूळ, रांगेनं बसलेले बिनडोळ्यांचे गणपती, आणि बाबांशेजारी गाईड घेऊन मी. "मोठ्यानं वाच गो, मला पण कळू दे," ते म्हणाले. अट एकच, ते डोळे आखत असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी प्रश्न वाचला: शेजाऱ्याची म्हैस शेतात शिरून भात खाऊन गेली, तर भरपाई कोण देणार? बाबांनी ब्रश टेकवला, मी गप्प झाले. पण तेवढ्यात उत्तर सुचलं आणि मी ओरडलेच, "कुंपण कुणी मोडलं ते आधी बघायचं!" त्यांचा हात हलला, गणपतीच्या डोळ्यातली बाहुली कोपऱ्यात सरकली. मला रडूच फुटलं. पुसून पुन्हा आखता आली असती, पण बाबांनी ती मूर्ती उचलून फळीवर ठेवली. "हा विकायचा नाय. आपल्या घरी बसंल. तुझ्याकडंच बघतोय, बघ." भादव्यात तो घरी बसला, विसर्जनाला गेला. पुढे बाबाही गेले. आज मी वकील म्हणून उभी होते, तेव्हा रोह्याच्या कोर्टात रंगारी खिडक्या रंगवत होते. उलटतपासणीचा शेवटचा प्रश्न ओठांवर आला आणि मी थांबले. "विचारा ना, मॅडम," जज्जसाहेब म्हणाले. त्यांना काय सांगणार? बाबांनी डोळ्यावरून ब्रश अजून उचललाच नव्हता.